तयार कपाट मागवताना: मोजणीपासून तक्रारीपर्यंत

तयार कपाट निवडताना रंग, हँडल आणि आरसा सगळ्यात शेवटी बघा. आधी हातात टेप घ्या, मग बिलावर काय लिहून मिळणार ते विचारा. पैसे भरण्याआधी या दोन गोष्टी पक्क्या झाल्या नाहीत, तर पुढचे कित्येक महिने कस्टमर केअरला फोन लावण्यात जातात आणि तिकडून उत्तर येतं, "इंजिनीअर्ड वूड असं लिहिलंच होतं की."

जागा मोजा

भिंतीची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. जुन्या इमारतींत गिलाव्यामुळे अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. खाली स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली फरशीची पट्टी) असेल तर ते साधारण अर्धा इंच बाहेर येतं, त्यामुळे कपाट भिंतीला पूर्ण टेकत नाही. तेवढी जागा हिशेबात घ्या. कपाटामागे कोणता स्विचबोर्ड झाकला जाणार, तेही आत्ताच बघा.

कपाटापासून पलंगापर्यंत किमान अडीच फूट हवेत, म्हणजे दार पूर्ण उघडून माणूस समोर उभा राहू शकतो. तेवढी जागा नसेल तर सरकत्या दारांचं कपाट बरं, पण त्यात एका वेळी अर्धंच कपाट उघडतं.

कपाटाची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप, मोजताना बरेच जण फसतात. शर्टाचा हँगर सतरा-अठरा इंच रुंद असतो, त्यावर कपड्याच्या बाह्या आणखी बाहेर येतात. कपडे लटकवायचे असतील तर आतून २१-२२ इंच खोली पाहिजे. अठरा इंची कपाट घड्या घालून ठेवायच्या कपड्यांसाठीच ठीक आहे, त्यात हँगर तिरके लावावे लागतात. जाहिरातीतलं माप बाहेरचं असतं, म्हणून आतलं माप वेगळं विचारा.

आता उंची. जोडणारे मिस्त्री कपाट जमिनीवर आडवं जोडतात आणि मग उभं करतात. उभं होताना त्याचा कोपरा कपाटाच्या उंचीपेक्षा वर जातो. किती, ते उंचीचा वर्ग आणि खोलीचा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की कळतं. ८२ इंच उंच आणि २४ इंच खोल कपाटाचा कोपरा जवळजवळ साडेपंच्याऐंशी इंचांपर्यंत जातो. माळा ८४ इंचांवर असेल तर हे कपाट माळ्याखाली उभं होणारच नाही. ते समोर मोकळ्या जागेत उभं करून आत सरकवावं लागेल. तेवढी जागा आहे का आणि वरचा पंखा आड येतो का, हे आधीच तपासा.

फळी कसली आहे?

"इंजिनीअर्ड वूड" हे लाकडाचं नाव नाही. त्यात पार्टिकल बोर्डही येतो आणि एमडीएफही (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड). शोरूममध्ये फळीला पाडलेल्या एखाद्या उघड्या भोकात बघा. भुश्यासारखे मोठे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड, जाड पुठ्ठ्यासारखं एकसंध तपकिरी दिसलं तर एमडीएफ, आणि पातळ थरांच्या रेघा दिसल्या तर प्लाय. जड म्हणजे मजबूत, ही समजूत सोडा. पार्टिकल बोर्ड वजनाला प्लायइतका, कधी त्याहून जडही असतो.

पार्टिकल बोर्डात लाकडाचे कण गोंदात दाबून चिकटवलेले असतात. पाणी लागलं की कण फुगतात, गोंद सुटतो आणि वाळल्यावरही फळी मूळ जाडीवर येत नाही. हे पाणी बहुतेक वेळा छतातून गळत नाही, ते फरशी पुसायच्या फडक्यातून येतं. उभ्या फळीची खालची कड जमिनीला टेकलेली असते आणि बरेचदा कारखान्यातून तिला पट्टी न लावताच येते. रोज थोडं थोडं पाणी तिथे शोषलं जातं, आणि पावसाळा सरता सरता तळाशी वरचा थर फुगून ओठासारखा बाहेर उलटतो. म्हणून कपाट उभं करण्याआधी सगळ्या उघड्या कडांना तेलरंगाचे दोन हात द्या आणि तळाला किमान १५ मिमी उंचीचे प्लास्टिकचे बूश (छोटे पाय) लावा. काम अर्ध्या तासाचं आणि खर्च किरकोळ, पण कपाटाचं आयुष्य याने खरंच वाढतं.

पार्टिकल बोर्ड घेऊच नये असं नाही. भाड्याचं घर, कोरडी खोली आणि चार-पाच वर्षांची गरज असेल तर तो चालतो. कोकणात, गोव्यात किंवा तळमजल्यावरच्या ओलसर खोलीत मात्र घेऊ नका. तिथे बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) प्लाय किंवा चांगलं पावडर कोटिंग केलेलं लोखंडी कपाट घ्या. प्लायवर आय.एस. (भारतीय मानक) ३०३ आणि मरीन प्लायवर आय.एस. ७१० असा शिक्का असतो, सोबत सीएम/एल हा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासता येतो. एमआर (ओलावारोधक) प्लाय दमट हवा सोसतो, पाणी नव्हे. दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणाला तर बिलावर ग्रेड लिहून मागा.

भिंतीचीही परीक्षा घ्या. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवा आणि २४ तास ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. आधी भिंत दुरुस्त करा. फक्त बाहेरून दमट झाला तर ती हवेतली ओल. तेव्हा कपाट भिंतीपासून दीड-दोन इंच पुढे ठेवलं की पुरतं.

फळी १८ मिमी जाड असली तरी खणाची रुंदी दोन फुटांपेक्षा जास्त आणि वर साड्यांचे गठ्ठे असतील, तर पार्टिकल बोर्ड मध्ये झुकतो. रुंद खण असेल तर मध्ये आधार आहे का ते बघा.

बिलावर हे लिहून घ्या

फळ्यांचा प्रकार आणि जाडी (मागच्या फळीचीसुद्धा), पोहोचवायची तारीख, वरच्या मजल्यावर चढवण्याचा खर्च कोणाचा आणि जोडणीत काय काय येतं. "जोडणी मोफत" म्हटलं तरी भिंतीला पकडण्याचं काम त्यात नसतं, असं बरेचदा होतं. उंच कपाटाला ते टाळू नका. उघड्या खणावर मूल चढलं तर कपाट पुढे कलंडतं. एल आकाराच्या दोन पट्ट्या, भिंतीत ८ मिमीचे प्लग आणि स्क्रू एवढं पुरेसं आहे.

माल आला त्या दिवशी

खोकी मोजा, चलनाशी ताडा. कोपरा चेपलेला असेल तर खोकं फोडण्याआधीच फोटो काढा. मग उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, त्यात खोक्यावरचं लेबल दिसू द्या. डिलिव्हरीवाला घाईत सही मागतो. तेव्हा सहीच्या वर लिहा, "माल तपासलेला नाही." जोडणारा माणूस दोन दिवसांनी येणार असेल तर खोकी आडवी सपाट ठेवा. भिंतीला तिरकी टेकवली तर लांब फळ्यांना बाक येतो.

जोडताना समोर उभे राहा

मिनीफिक्सच्या (दोन फळ्या जोडणाऱ्या चकती-बोल्टच्या) चकतीवरचा बाण समोरच्या बोल्टकडे करून स्क्रूड्रायव्हरने हातानेच फिरवायची असते, साधारण अर्धा फेरा. ड्रिल मशीन पूर्ण जोरात लावली तर बोर्डातलं भोक झिजतं आणि तो सांधा कायमचा ढिला राहतो.

मागची फळी ठोकण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायला लावा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी आहे. मागची फळी ठोकली की तो तिरकेपणा तसाच पक्का होतो आणि दारं कधीच एका रेषेत येत नाहीत. नंतर लोक बिजागरीला दोष देतात. बिजागरीवरच्या स्क्रूंनी दार वर-खाली, डावीकडे-उजवीकडे आणि आत-बाहेर हलतं, पण थोडंसंच. सात फुटी दाराला चार बिजागऱ्या हव्यात. शेवटी लेव्हल लावून बघा. फरशीला उतार असेल तर तळाखालचे बूश वर-खाली करून कपाट सरळ करा.

बिघडलं तर

चोवीस तासांत लेखी कळवा. फोनवर बोलणं झालं तरी ईमेल करा आणि त्यात बिल क्रमांक, खराब फळीवरचा कोड आणि फोटो द्या. ऑनलाइन खरेदी असेल तर ई-कॉमर्स नियम २०२० नुसार त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. माल सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा असेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. दुकानाच्या पावतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं असलं, तरी सदोष मालाला ते लागू पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथेही तडजोड झाली नाही तर 'ई-जागृती' पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. तोवर फुगलेली फळी भंगारात देऊ नका. आयोगाने मालाची तपासणी करायची म्हटलं तर तीच पाठवावी लागते.