कोडिंगचं एआय टूल वेळ वाचवतं का? चिठ्ठी टाकून मोजा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रींसाठी स्टॉक-बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सहा जणांच्या टीमलाही हे मोजमाप जमतं. एक स्प्रेडशीट पुरते. कोडच्या ओळी आणि कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) मात्र मोजू नका. एआय टूल आलं की दोन्ही फुगतात, काम पुढे सरको वा न सरको.

टीमला काय वाटतं, यावरही विसंबू नका. एआयची क्षमता तपासणाऱ्या एमईटीआर (METR) या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांची २४६ कामं तपासली. एआयची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. डेव्हलपरांना मात्र शेवटीही आपला वेळ २० टक्के वाचला असंच वाटत होतं. तो आकडा तुमच्या टीमचा नव्हे. घ्यायची ती पद्धत.

१. अर्ध्या ते चार तासांत होतील असे कामाचे तुकडे पाडा.

२. प्रत्येक कामाचा अंदाज मिनिटांत लिहा.

३. मग चिठ्ठी काढा: ‘टूलसह’ किंवा ‘टूलशिवाय’.

सगळं बिघडतं ते इथे. पुष्कळ जण ऑगस्ट टूलशिवाय आणि सप्टेंबर टूलसह अशी तुलना करतात. बेळगावात गणपतीचे दिवस कुठल्या महिन्यात येतात, त्यावरच असा निकाल फिरतो. टूलचा परिणाम आणि सुट्ट्यांचा परिणाम मग वेगळा काढताच येत नाही. त्यामुळे महिन्यांची तुलना नको, प्रत्येक कामाला वेगळी चिठ्ठी हवी.

क्रमही मोडू नका. चिठ्ठी पाहून अंदाज लिहिला, तर ‘टूल आहे, लवकर होईल’ म्हणून तो आधीच कमी पडतो आणि मोजपट्टीच वाकडी होते. कामाचे तुकडेही चिठ्ठीनंतर पाडायचे नाहीत.

‘टूलशिवाय’ निघालं आणि गिऱ्हाइकाच्या घाईपायी कुणी टूल वापरलंच, तर नोंद ‘टूलशिवाय’मध्येच राहू द्या, शेजारी शेरा मारा. गैरसोयीची कामं वगळायला लागलात की चिठ्ठीला अर्थ उरत नाही. अवघड काम टूलकडे ढकलायची सवय सगळ्यांनाच असते. ती रोखायलाच ही चिठ्ठी आहे.

४. काम हातात घेतल्यापासून कोड मर्ज होईपर्यंतचा, म्हणजे मुख्य कोडात मिसळेपर्यंतचा, कामाचा वेळ लिहा. रिव्ह्यूनंतरची (सहकाऱ्याने कोड तपासल्यावरची) दुरुस्ती त्यातच धरा. वीज गेली, रिव्ह्यूची वाट पाहिली, तो वेळ वेगळ्या रकान्यात.

५. प्रत्येक कामाचा प्रत्यक्ष वेळ अंदाजाने भागा आणि दोन्ही गटांचे मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा. सरासरी नको, एखादं रखडलेलं काम ती ओढून नेतं. टूलसह १.३ आणि टूलशिवाय १.१ आलं, तर टूलसह सुमारे १८ टक्के जास्त वेळ लागला. पन्नास-साठ कामांत चार-पाच टक्क्यांच्या फरकावरून लायसन्स घेऊ नका, बंदही करू नका.

६. मर्जनंतर चौदा दिवसांत त्याच कोडात निघालेले बग त्या-त्या कामापुढे लिहा. ते सोडवायला लागलेला वेळ मूळ कामात मिळवून पाचवी पायरी पुन्हा करा. निर्णय या दुसऱ्या आकड्यावर घ्या.