बँकॉकची बॅग शेवटी भरा

बॅगेला एवढ्यात हात लावू नका, आधी कॅलेंडर काढा. बँकॉकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात कोरडा आणि सुसह्य काळ. एप्रिलचं ऊन भाजून काढतं, शिवाय 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान असतं, म्हणजे त्यांचं नववर्ष. तेव्हा लोक पाण्याच्या बंदुका घेऊन रस्त्यावर उतरतात आणि पाहुणा म्हणून तुम्हाला कोणी कोरडं सोडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोराचा. आपल्याला पावसाचं कौतुक नाही, पण पाणी तिथेही तुंबतं. मुक्कामात एक शनिवार किंवा रविवार येईल असं बघा, कारण चतुचकचा प्रचंड बाजार खरा भरतो तो त्याच दोन दिवशी.

तारखा ठरल्या की हॉटेल, आणि ते फोटो बघून नव्हे तर नकाशा बघून. बीटीएस (डोक्यावरून धावणारी स्कायट्रेन) किंवा एमआरटी (मेट्रो) यांपैकी एखादं स्टेशन चालत दहा मिनिटांच्या आत हवं. पहिल्या खेपेला आम्ही स्वस्त म्हणून आत गल्लीतलं हॉटेल घेतलं आणि वाचलेले पैसे टॅक्सीत बसून घालवले. संध्याकाळी सुखुमवित रस्त्यावर टॅक्सी मिळते, फक्त ती हलत नाही. दोन्ही गाड्यांची तिकिटं वेगळी असतात, हेही टिपून ठेवा.

मग दिवसांची वाटणी. राजवाडा, वाट फो (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) आणि पलीकडच्या काठावरचं वाट अरुण ही तिन्ही नदीलगत आहेत, त्यांना एकच दिवस द्या. सफान ताक्सिन स्टेशनला उतरलं की खालीच साथोर्न धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याची बोट पकडा. चाओ फ्राया नदीतून जाताना वाराही लागतो आणि ट्रॅफिकही चुकतो. राजवाड्याला सकाळी दार उघडताच पोहोचा. वाट फोमधला निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. तो एका फोटोत बसवायचा हट्ट धरू नका. वाटेत एखादा गोड बोलणारा गृहस्थ ‘आज राजवाडा बंद आहे, चला, दुसरं देऊळ दाखवतो’ म्हणेल. तो ज्या टुकटुकमध्ये (तिथली रिक्षा) बसवेल, तिचा शेवटचा थांबा रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात असतो. हसून पुढे चालू लागा आणि दारावर स्वतः जाऊन बघा.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. व्हिसाच्या बाबतीत गेल्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्यांचं ऐकू नका, नियम बदलत असतात. थाई दूतावासाचं संकेतस्थळ बघा. 1 मे 2025 पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे, त्यासाठी पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. हॉटेलचा पत्ता थाई लिपीत फोनमध्ये ठेवा आणि पर्यटक पोलिसांचा 1155 हा नंबरही. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी दोनशे बाथहून (बाथ हे तिथलं चलन) जास्त शुल्क कापतं, म्हणून चिल्लर-चिल्लर काढू नका.

आईबाबा शाकाहारी असतील तर इथे जरा वेळ काढा. नुसती ‘भाजी’ मागितली तरी तीत माशांचा सॉस पडतो आणि देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नाही, आणि कांदा-लसूणही नाही! चातुर्मास पाळणाऱ्या माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिने त्या परक्या शहराला एकदम घरचं करून टाकलं. ऑक्टोबरच्या सुमारास जे खाण्याचा नऊ दिवसांचा उत्सव असतो, काही वर्षी तो नेमका आपल्या नवरात्रातच येतो, आणि यावरात या चिनी वस्तीत पिवळे झेंडेच झेंडे दिसतात. तरी भडंग आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या. अगदीच भात-आमटीची आठवण झाली तर फाहुरातचा भारतीय बाजार आहे.

आता बॅग. राजवाड्यात गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, तेव्हा सैल सुती कपडे घ्या. देवळादेवळांत चपला काढायच्या असल्याने लेसचे बूट घरीच ठेवा. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. कोणाच्या खिशात ई-सिगारेट असेल तर ती काढून टाका, तिथे ती बेकायदा आहे. अर्धी बॅग रिकामी राहिली तर उत्तम, चतुचक ती भरून देईल. मात्र बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, दुकानदार काहीही म्हणो.

शेवटचं, तिकिटावरची वेळ पुन्हा वाचा. मुंबईहून रात्री साडेबाराचं विमान असेल आणि तारीख 12 असेल, तर घरातून 11 तारखेच्या संध्याकाळी निघायचं आहे.