कोची दोन दिवसांत कसं बघावं: वार, भरती आणि बोट यांचं गणित

केरळच्या टूर पॅकेजमध्ये कोचीच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. विमानतळावरून उचललं, चिनी जाळ्यांपुढे फोटो, एक चर्च, ड्रायव्हरच्या ओळखीचं मसाल्याचं दुकान, की गाडी लागली मुन्नारच्या घाटाला. अरब, ज्यू, पोर्तुगीज, डच, इंग्रज आणि आपले कोकणी-गुजराती ज्या बंदरात शतकानुशतकं माल उतरवत आले, ते गाव असं उरकू नये. दोन रात्री काढा. दिवस मात्र वार, भरती आणि बोट बघून आखावे लागतात. ते कसे, ते क्रमानं सांगतो.

आधी वार बघा, मग तिकीट काढा

कोचीतली दोन मुख्य ठिकाणं मट्टनचेरी या भागात शेजारीशेजारी आहेत: राजवाडा आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणजे परदेशी सिनेगॉग. राजवाडा शुक्रवारी बंद. सिनेगॉग शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी पूर्ण दिवस बंद, शिवाय ज्यूंच्या सणांनाही बंद, आणि त्यांचे मोठे सण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. म्हणजे वीकेंड धरून गेलेला माणूस नेमका इथंच फसतो. वीकेंडलाच जाणं असेल तर शुक्रवार-शनिवार समुद्रकाठच्या फोर्ट कोचीला द्या आणि मट्टनचेरी रविवारी सकाळपासून करा. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते, त्यामुळे चर्च बघायला तशीही ती वेळ बरी नाही.

हवा डिसेंबर ते फेब्रुवारीत चांगली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर गडगडाटी पाऊस होतो, पण तासाभरात मोकळं होतं. दर दोन वर्षांनी हिवाळ्यात भरणारं कोची-मुझिरिस बिनाले हे कलाप्रदर्शन २०१२ पासून सुरू आहे. कलेशी देणंघेणं नसलं तरी जा. त्या काळात ॲस्पिनवॉल हाऊससारखी जुनी व्यापारी गोदामं आतून बघायला मिळतात, एरवी त्यांच्या भिंतीच दिसतात. ३१ डिसेंबरच्या रात्री इथं ‘पाप्पांजी’ नावाच्या म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळून नवं वर्ष आणतात. बघण्यासारखं असतं, पण गर्दी अशी होते की लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले ज्येष्ठ बरोबर असतील तर ती रात्र टाळलेलीच बरी.

पोहोचणं आणि मुक्काम

मुंबईहून जाणाऱ्यांनी वेळ असेल तर कोकण रेल्वेनं जावं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती पनवेल-रत्नागिरी-मडगाव करत साधारण पंचवीस तासांत एर्नाकुलम जंक्शनला पोहोचवते. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, तेव्हा गाड्या सावकाश धावतात. पुढचं काही बुक करताना तेवढी ऐसपैस जागा ठेवा. विमानतळ नेडुंबाश्शेरीला, शहरापासून तीसेक किलोमीटर. फोर्ट कोचीला पोहोचायला तिथून दीड तास धरा.

रेल्वे, मोठी हॉटेलं, मॉल हे सगळं एर्नाकुलमला, म्हणजे मुख्य भूमीवर. मुक्काम तिथं करू नका. समोरच्या फोर्ट कोचीत जुन्या घरांमध्ये भरपूर होमस्टे आहेत आणि सकाळी सहाला दारातून बाहेर पडलात की पाच मिनिटांत समुद्र. हा फायदा एर्नाकुलमच्या कुठल्याही हॉटेलात नाही.

शहरात पाण्यावरून शिरा

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रिक्षानं पुलांवरून जाता येतं, पण ट्रॅफिक बघता तो शुद्ध मनस्ताप आहे. सामान फार नसेल तर बोटीनंच जा. दोन पर्याय आहेत. सुभाष पार्कजवळच्या जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याची साधी बोट: तिकीट किरकोळ, खिडक्या उघड्या, इंजिनाचा धडधडाट, आणि डबे-दप्तरं घेतलेली रोजची माणसं. दुसरा पर्याय हायकोर्टाजवळून सुटणारी वॉटर मेट्रो: २०२३ साली सुरू झालेली, कोचीतच बांधलेली विजेवरची वातानुकूलित बोट, भाडं ४० रुपयांच्या आसपास. मोजकीच माणसं घेतात, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी रांग लागते. माझं मत विचाराल तर जाताना साधी बोट आणि परतताना वॉटर मेट्रो. पहिल्यांदा बंदर बघताना तोंडावर वारा हवा.

बसताना डावी बाजू पकडा. डावीकडे विलिंग्डन बेट लागतं, आणि हे बेट माणसानं केलेलं आहे. बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकायची. १९२०मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरनं तो दांडा कापून खोल वाट काढली, आणि उपसलेल्या गाळाचं हे बेट झालं. १९२८च्या मे महिन्यात ‘पद्मा’ ही आगबोट पहिल्यांदा आत आली. नाव ज्या लॉर्ड विलिंग्डनचं, तो आधी मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. बेटावर नौदलाचा तळ आहे, तिकडे कॅमेरा रोखू नका. फोर्ट कोचीजवळ, खाडीच्या तोंडाशी पाण्याकडे नजर ठेवा. डॉल्फिनच्या पाठी दिसतात, विशेषतः सकाळी.

जाळी भरतीला बघा

चीनवला, म्हणजे चिनी जाळी, दिवसभर दिसतात. चालू मात्र भरतीच्या वेळीच नीट असतात. आदल्या रात्री मोबाइलवर कोचीच्या भरतीची वेळ बघून ठेवा आणि सकाळची भरती गाठा. दहा मीटरहून उंच लाकडी सांगाडा, एका टोकाला पसरलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना लटकवलेले दगड. एक जण मुख्य वाशावरून पुढं चालत जातो, त्याच्या वजनानं जाळं पाण्यात उतरतं. थोडा वेळ थांबून चार-सहा जण दोर ओढतात, आणि जाळं वर येतं तसे ते दगड एकेक करून खाली टेकत जातात. तो क्षण बघायचा असतो. फोटोत तो येत नाही. जाळ्यात बहुतेकदा चमचाभर मासळी आणि बरीचशी जलपर्णी. चिनी व्यापाऱ्यांनी ही जाळी आणली असं इथं सांगतात. ती मकाऊमार्गे पोर्तुगीजांनी आणली असंही काही अभ्यासक मानतात.

मच्छीमार हाक मारून दोर ओढायला बोलावतात. जरूर जा, मजा येते, पण नंतर पैसे मागतात हे धरून चाला. रक्कम आधीच बोलून घ्या आणि मग घासाघीस करू नका. उतरत्या मासळीवर त्यांचं भागत नाही, हे त्या जाळ्यात बघूनच कळतं.

फोर्ट कोची: पायी, ऊन चढायच्या आत

जाळ्यांपासून सेंट फ्रान्सिस चर्च चालत पाच-सात मिनिटांवर. पोर्तुगीजांनी १५०३मध्ये इथं लाकडी चर्च बांधलं, १५१६मध्ये ते दगडविटांचं झालं. वास्को द गामा सप्टेंबर १५२४मध्ये व्हाइसरॉय होऊन गोव्यात आला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीत मेला. इथंच पुरला होता. पुढं चौदा-पंधरा वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या. कठड्यातली त्याच्या थडग्याची फरशी बघून लोक निघून जातात. तुम्ही मान वर करा. छताला बाकांच्या रांगांवर कापडी पंखे टांगलेत. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात. गोरे आत प्रार्थना करायचे आणि पंखेवाले बाहेर उन्हात बसून दोर ओढायचे. भिंतींवर डच आणि पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा उभ्या लावल्यात, त्याही वाचा. १६६३मध्ये डचांनी कोची घेतलं आणि १७९५मध्ये इंग्रजांनी. या एका इमारतीत तिघांचाही हिशेब सापडतो.

तिथून सांताक्रूझ बॅसिलिका जवळच आहे. मूळची इमारत इंग्रजांनी पाडली, आताची १९०५ची. आतली रंगकाम केलेली छतं छान आहेत, पण घाई असेल तर हे बाहेरून पाहिलंत तरी चालेल. डच दफनभूमी बहुधा कुलूपबंदच असते, फाटकातून बघून पुढं व्हा.

त्यापेक्षा वेळी नावाच्या भागातला धोबीघाट चुकवू नका. इथल्या वण्णार समाजाची माणसं दगडी हौदांत कपडे धुतात, तांदळाची खळ घालतात, आणि वाळत घालताना चिमटे वापरत नाहीत: काथ्याच्या दोन पिळांमध्ये कपड्याचं टोक खोचून देतात. आत जाताना विचारून जा, कामाच्या वाटेत उभे राहू नका, आणि निघताना काही द्यायचं ते द्या.

मट्टनचेरीला आख्खा दिवस

फोर्ट कोचीहून मट्टनचेरी रिक्षानं दहा-पंधरा मिनिटं. रिक्षावाला ‘सगळं फिरवतो, फक्त शंभर रुपये’ म्हणाला तर समजा की चार दुकानांत बसावं लागणार. ‘नेरे पोट्टे’, म्हणजे सरळ चला, एवढं म्हटलं तरी काम होतं.

आधी राजवाडा. बाहेरून अगदीच साधा, कौलारू. लोकांना वाटतं चुकीच्या ठिकाणी आलो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधून कोचीच्या राजाला नजर केलेला, पुढं डचांनी डागडुजी केली म्हणून नाव पडलं ‘डच पॅलेस’. तिकीट नाममात्र. राजाच्या शयनगृहाच्या भिंती रामायणानं भरल्यात, पुत्रकामेष्टीपासून पुढं. आकृती एकमेकींत इतक्या दाट गुंतल्यात की पहिल्या नजरेत नुसतं तांबडं-पिवळं जंगल दिसतं. एकच भिंत निवडा आणि दहा मिनिटं तिच्यासमोर उभे राहा, पात्रं हळूहळू सुटी होतात. खालच्या मजल्यावर उतरायचं लोक विसरतात. तिथं गोवर्धन उचललेला कृष्ण आहे. आणि पायाखालीही बघा. काळ्या संगमरवरासारखी चकाकणारी जमीन दगडाची नाही. जाळलेल्या करवंट्या, कोळसा, चुना, झाडांचे रस आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून ती केली आहे. सारवलेल्या आणि कोब्याच्या जमिनी पाहिलेल्या आजीला इथं जरूर आणा, तिला याची किंमत कळेल.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीच्या टोकाला सिनेगॉग. १५६८ची वास्तू. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. आत जमिनीवर चीनहून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. एकीसारखी दुसरी नाही असं म्हणतात, मुलांना जोड्या शोधायला लावा, तासभर शांत राहतील. १७६०च्या घड्याळमनोऱ्याच्या तबकड्यांवर हिब्रू, रोमन आणि मल्याळम आकडे आहेत. कोकणपट्टीत, अलिबागकडे ज्यांना आपण शनवार तेली म्हणत आलो त्या बेने इस्राएल मंडळींना धर्मशिक्षण द्यायला एकोणिसाव्या शतकात शिक्षक गेले ते याच कोचीच्या ज्यूंमधून. कोचीचे बहुतेक ज्यू आता इस्राएलला स्थायिक झालेत. गल्लीतली दुकानं काश्मिरी शाली आणि जुन्या वस्तू विकतात.

इथून पुढं चेरळाई या वस्तीकडे चला. गोव्यातल्या पोर्तुगीज छळापासून निघालेल्या गौड सारस्वतांनी तिरुमल देवस्वम हे वेंकटाचलपतीचं मोठं देऊळ इथं उभं केलं. आसपासच्या घरांतून कोकणी ऐकू येते. मालवणी-गोव्याच्या माणसाला निम्मी समजते. दर्शनाला पुरुषांनी सदरा काढायचा असतो. याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांनी १६७५मध्ये नागरी लिपीत, कोकणीत लिहून दिलेली साक्ष डचांनी ॲमस्टरडॅमला छापलेल्या ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या बारा खंडी वनस्पतिग्रंथात जशीच्या तशी आहे. कोची फक्त गोऱ्यांचं बंदर म्हणून दाखवणाऱ्या गाइडला हे जरूर ऐकवा. गुजराती रोडवर जैनांचं धर्मनाथ मंदिरही आहे. दुपारी बाराच्या सुमारास तिथं कबुतरांना दाणे घालतात.

खाणं

सकाळी अप्पम आणि स्ट्यू, किंवा पुट्टू आणि काळ्या चण्याची कडला करी. मासे खाणाऱ्यांनी केळीच्या पानात भाजलेला करीमीन घ्यावा. काटे आहेत, पण चव तशीच आहे. जाळ्यांजवळ मासळी निवडून शेजारी शिजवून देतात, तिथं माशाचा भाव आणि करणावळ दोन्ही आधी विचारा. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये: मट्टनचेरीत गुजराती आणि सारस्वत वस्ती असल्यानं सोय होते. खोबरेल तेलाचा वास ज्यांना चालत नाही, त्यांनी मात्र ऑर्डर देतानाच सांगावं.

संध्याकाळ आणि खरेदी

कथकलीचे प्रयोग साधारण सहाला सुरू होतात. तुम्ही पाचला जा. रंगमंचावरच चेहरे रंगवतात, आणि हिरव्या चेहऱ्याच्या कडेनं तांदळाच्या खळीनं पांढरी कडा चिकटवत नेतात ते बघण्यात प्रयोगाइतकीच गंमत आहे.

मिरी घ्यायची तर ज्यू टाउनच्या, म्हणजे सिनेगॉगच्या गल्लीतल्या, शोभिवंत डबीतली घेऊ नका. बाजार रोडला, गोदामांच्या रांगेतल्या किराणा व्यापाऱ्याकडे सुटी मागा. दाणा जड, टणक आणि बोटानं न चुरणारा हवा. मूठभर पाण्यात टाकून बघायची तयारी असेल तर उत्तम: पोकळ दाणा आणि पपईचं बी दोन्ही तरंगतात. वेलची हिरवी आणि न फुटलेली बघून घ्या. मसाले दोन पिशव्यांत बांधून घ्या आणि बॅगेत कपड्यांपासून लांब ठेवा. गाडीच्या पंचवीस तासांत साड्यांना सुंठीचा वास लागतो.