सिलिका जेल कोरडं दिसतंय म्हणून खूश आहात? पावसाळ्यात या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये माझ्या लेन्सला बुरशी आली आणि डोकंच फिरलं, कारण कॅमेरा डब्यात होता, डब्यात बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, ओल ओढणाऱ्या सिलिका जेलच्या वीसेक पुड्या होत्या, आणि एक फोडून बघितली तर मणी खडखडीत कोरडे. मग बुरशी कशी? तर कोरडे दिसतात म्हणजे अजून ओल घेतील, हे समजणंच चुकलं होतं. त्या पुड्या खोक्यात असतानाच ओलीने भरून गेल्या होत्या, मी फक्त त्यांची शोभा वाढवत होतो.

पोहे भिजवले की पाणी आतपर्यंत मुरतं, पोहा फुगतो, मऊ पडतो. हे शोषण. सिलिका जेलमध्ये होतं ते अधिशोषण, म्हणजे वाफेचे रेणू पृष्ठभागावर चिकटून बसतात, पदार्थात मुरत नाहीत. आता एवढ्याशा मण्याला पृष्ठभाग तो किती, असं वाटेल, पण मणी आतून बारीक बारीक छिद्रांनी पोखरलेला असतो आणि त्या छिद्रांच्या भिंती धरल्या तर एका ग्रॅमला साधारण 600-700 चौरस मीटर भरतात, म्हणजे 13 बाय 10 मीटरची पाच कबड्डीची मैदानं! जागा भरली की संपलं, पण मणी ना फुगतो ना चिकट होतो, त्यामुळे बघून काही कळत नाही.

(अकरावीवाल्यांनो, खडू शाईत बुडवून मोडा. बाहेर रंग, आत पांढरा पण ओलसर. रंग पृष्ठभागावर अडकला, पाणी आत मुरलं, दोन्ही एकाच खडूत.)

पुढची चूक म्हणजे भरलेलं जेल उन्हात ठेवणं. रेणू चिकटताना उष्णता बाहेर पडते, म्हणून त्यांना सोडवायला परत उष्णता द्यावी लागते, आणि जुलैतल्या उन्हाची (असलंच तर) तेवढी ताकद नसते. पुडीतून काढून ओव्हनमध्ये 110-120 अंशाला दोनेक तास ठेवा. काही मण्यांत ओल दाखवणारा रंग घातलेला असतो, त्यांचं मात्र बघून कळतं: निळे मणी गुलाबी झाले की भरले, केशरी मणी हिरवट झाले की भरले, पण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं जे विषारी आहे, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये अजिबात नको. आणि तापवलेले मणी ताटात पसरून गार करत बसू नका, मी केलंय, गार होता होता परत हवेतली ओल घेतात. घट्ट झाकणाच्या बरणीत गार करा.

कपाटात ठेवतात तो डबा, ज्यात खाली पाणी साठतं, त्यात बहुतेक वेळा कॅल्शियम क्लोराइड असतं. तो ओल शोषून स्वतःच विरघळतो, म्हणजे प्रकारच वेगळा, तापवून परत वापरू वगैरे डोक्यातून काढा. कलंडला तर साड्यांवर चिकट पाणी.

ओला मोबाईल तांदळात? नको, तांदूळ फार ओल ओढत नाही, वर पीठ आणि कण चार्जिंगच्या भोकात जातात.

फ्रिजमध्ये वासासाठी शेगडीतला कोळसा ठेवणारेही भेटतात. तो अगदीच बिनकामाचा नाही, पण सक्रिय कोळशासारखी (म्हणजे मुद्दाम बारीक छिद्रं पाडलेल्या कोळशासारखी) छिद्रं त्याला नसतात. वॉटर फिल्टरमधला कार्बन (तो हाच सक्रिय कोळसा) मात्र मुख्यतः अधिशोषण करतो, क्लोरीन आणि वास जातो, विरघळलेले क्षार तसेच राहतात, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) उतरला नाही म्हणून फिल्टर खराब म्हणू नका. आणि भरलेला कार्बन नळाखाली धुऊन नवा होत नाही, बदलावाच लागतो.

मी आता रंगाच्या भानगडीत पडत नाही, पांढरे मणी वापरतो आणि किचनच्या वजनकाट्यावर मोजतो. तापवून गार केलेले 100 ग्रॅम मणी, बरणीवर तारीख. वजन 120 च्या पुढे गेलं की परत ओव्हन. मागच्या पावसात पंधरा दिवसांनी 127 भरलं, तेव्हा लक्षात आलं की डब्याचं रबरच सैल झालंय.