ओळंबा, बांबू आणि एकोणीस पोट्टी

आमच्या मोर्शी-वरुडकडे ‘टेनिसवर डिझर्टेशन करतोय’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘किती ओव्हरची मॅच?’ इकडे टेनिस म्हणजे टेनिस बॉलवरचं क्रिकेट. खरं लॉन टेनिस खेळणारी पोरं मला तालुक्याच्या एका शाळेत सापडली. संत्र्याच्या बगिच्याला लागून एकच सिमेंटचं कोर्ट, आणि 10 ते 14 वयाची 19 पोट्टी.

मी तेव्हा अमरावतीला एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) करत होतो. या पोरांचं धड डावी-उजवीकडे किती अंश फिरतं ते मोजायचं आणि 4 आठवड्यांच्या व्यायामानं ते वाढतं का ते पाहायचं, असा विषय. एम.पी.एड. किंवा फिजिओथेरपीला असा विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय, कारण मी ज्या ज्या ठिकाणी आपटलो त्या जागा पुस्तकात नव्हत्या.

विषयाचं महत्त्व सांगायला फार पानं खर्चू नका. उजव्या हातानं खेळणारं पोरगं फोरहँडला आधी उजवीकडे वळतं, खांदे कमरेपेक्षा जास्त वळतात, आणि मग पाय, कंबर, धड, खांदा, हात अशा क्रमानं जोर चेंडूपर्यंत जातो. धड अडलं की तो जोर खांद्याला आणि कोपराला काढावा लागतो. म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या नोंदवा, पोरगं कोणत्या हातानं खेळतं ते लिहा, आणि डाव्या-उजव्याची सरासरी काढून माहिती मातीत घालू नका.

पहिली माती मी खाल्ली ती फोनच्या बाबतीत. कोन मोजायचं ॲप टाकलं, पोराला ताठ बसवलं, फोन छातीला धरला आणि फिरायला सांगितलं. आकडा ढिम्म. साधी गोष्ट होती: असं ॲप गुरुत्वाकर्षणाच्या आधारानं झुकाव मोजतं, आणि बसलेला माणूस उभ्या आसाभोवती फिरतो तेव्हा झुकाव बदलतच नाही. पोराला गुडघ्या-हातांवर ओणवं करून, नितंब टाचांवर टेकवून, एक हात मानेमागे ठेवून कोपर वर फिरवायला लावलं तर तेच ॲप चालतं. तिथे फोन पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये धरायचा. पण मला बसूनच मोजायचं होतं. मग कंपासचं ॲप घेतलं. स्टूल लोखंडी, बाजूला लोखंडी कपाट. एकाच पोराचे लागोपाठ तीन आकडे तीन गावचे.

शेवटी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडे गेलो. ‘ओळंबा काहून पाहिजे रे तुले? घर बांधून रायला काय?’ म्हणत त्यानं तो सुतळीला टांगलेला लोखंडी लोलक दिला.

ही युक्ती नीट सांगतो. वर्गखोलीच्या फरशीवर खडूनं 57.3 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. त्रिज्या तेवढीच, कारण या वर्तुळाच्या परिघावर एक अंश म्हणजे बरोबर एक सेंटीमीटर. शिंप्याचा टेप परिघावर चिकटवला की कोनमापक तयार. मधोमध लाकडी स्टूल. पोरानं हातांची घडी घालून छातीशी सव्वा मीटरचा बांबू आडवा धरायचा, टोकाजवळ ओळंबा. सुतळी बांबूवर मागेपुढे सरकवून ओळंब्याचं टोक वर्तुळावर आणायचं. ते तुमचं शून्य. मग पोरगं फिरतं, शेवटी थांबतं, ओळंबा डुलायचा थांबला की वाचायचं. पंखा बंद ठेवा. यात एक फायदा फुकटचा मिळाला: पोरगं फिरताना एका बाजूला झुकलं की ओळंबा वर्तुळ सोडून आत-बाहेर जातो. तो आकडा रद्द.

तरी एका पोराचं उजवीकडे 68 आलं आणि मी खूश झालो. रांगेत बसलेली पोरगी म्हणाली, ‘सर, त्याचा गुडघा पाहा न.’ डावा गुडघा उजव्याच्या चार बोटं पुढे. म्हणजे धडाबरोबर अख्खी कंबर स्टुलावर फिरली होती. कमरेच्या 5 मणक्यांतून फिरकी फार थोडी मिळते, मोठा वाटा बरगड्यांना जोडलेल्या 12 मणक्यांचा असतो. पण कंबरच मोकळी सोडली तर मांडीचे सांधेही आपली भर घालतात आणि आपण मोजतो भलतंच. मग दोन गुडघ्यांमध्ये फुटबॉल दाबायला दिला आणि गुडघ्यांपुढे एक फळी उभी धरली. फळी हलली की पुन्हा. त्याच पोराचं 51 आलं. आधीच्या चार दिवसांच्या सगळ्या नोंदी फाडल्या.

पोरांना आकडा सांगू नका. ‘सर, माह्यं किती आलं?’ सुरू झालं की पुढचं पोट्टं कंबर मोडेपर्यंत फिरतं. वाचणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि वाचणाऱ्यानं मागची नोंद पाहायची नाही. वेळ रोज तीच ठेवा, सरावाच्या आधीची.

संमतीपत्रासाठी मी दुपारी घरोघर गेलो आणि कुलुपं मोजून आलो. कापूस वेचणीचे दिवस, घरी कोण सापडणार? दिवेलागणीला गेलो, मराठीत वाचून दाखवलं, तेव्हा सह्या मिळाल्या. पोराचा स्वतःचा होकारही वेगळा घ्या. मुलींच्या मापाला त्यांच्या मॅडम हजर होत्या.

व्यायामानंतर सरासरी 5 अंश वाढली. मी नाचत गाइडकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, ‘तुझी स्वतःची चूक किती?’

म्हणून हे व्यायामाआधी करा: काहीही न बदलता तीच पोरं दोन दिवसांनी पुन्हा मोजा आणि आयसीसी काढा (क्रिकेटवाली नव्हे; दोन वेळच्या मापांचा मेळ किती ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे पक्का मेळ). प्रमाण विचलनाला, म्हणजे पोरांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याला, (1 − आयसीसी) च्या वर्गमुळानं गुणलं की मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मोजण्यातच होणारी चूक, मिळते. तिला 2.77 नं गुणलं की एका पोराच्या बाबतीत खरा म्हणता येईल असा कमीत कमी बदल मिळतो. समजा विचलन 8 अंश आणि आयसीसी 0.90, त्रुटी येते अडीच, आणि कमीत कमी बदल 7. म्हणजे कागदावर झकास दिसणाऱ्या आयसीसीतही एखाद्याचे 5 अंश वाढले तर ‘याचं वाढलं’ म्हणता येत नाही. माझंही साधारण तिथेच अडकलं. गटाच्या सरासरीला ही अट इतकी कडक लागत नाही, पण माझ्याकडे व्यायाम न करणारा दुसरा गट नव्हता, त्यामुळे ते 5 अंश व्यायामाचे की सवयीचे, हेही सांगता येईना. प्रबंधात तसंच लिहिलं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्यावरच अर्धा तास गेला, आणि तो बरा गेला.

शेवटच्या दिवशी गवंडी ओळंबा मागायला आला. वर्तुळ पाहून म्हणाला, ‘माह्यं किती येते, पाह्य बरं.’ बसला, फळी लावली, डावीकडे 31 झालं. उजवीकडे फिरायच्या आधीच उठला. तिकडे कालवलेला माल घट्ट होत होता.