जुन्या एक्सटी पीसीला मॉनिटर लावण्याआधी पिना मोजा

आयबीएम एक्सटी हाती लागला, पण मॉनिटर कुठला लावायचा कळेना? मॉनिटरला चित्र पाठवणाऱ्या कार्डाच्या मागचं सॉकेट बघा.

१. तीन ओळींत १५ भोकं म्हणजे व्हीजीए (चित्र पाठवायची नंतरची पद्धत). व्हीजीए सॉकेटचा साधा एलसीडी चालतो.

२. दोन ओळींत ९ भोकं म्हणजे बहुधा एमडीए, सीजीए किंवा ईजीए, या व्हीजीएच्या आधीच्या पद्धती. इथे ९ ते १५ पिनांच्या स्वस्त अडॅप्टरवर पैसे घालवू नका, चित्र येत नाही. त्यापेक्षा ८-बिट आयसा स्लॉटमध्ये (मदरबोर्डवर कार्ड बसवायची खाच) चालणारं व्हीजीए कार्ड शोधा. (१६-बिट कार्डांपैकी मोजकीच चालतात, विकणाऱ्याला आधी विचारा.) ते बसवल्यावर मदरबोर्डवरचे ५ आणि ६ नंबरचे छोटे स्विच ऑन करा. हे हमखास राहून जातं.

सांभाळा: एमडीएचा मॉनिटर १८.४ किलोहर्ट्झवर (चित्राच्या ओळी काढायचा वेग) चालतो, सीजीए कार्ड १५.७ वर. सॉकेट सारखंच, त्यामुळे चुकून जोडले जातात आणि मॉनिटर जळू शकतो. बारीक शिट्टी ऐकू आली तर लगेच बंद करा.