'रेड बिग बॉल' का नाही?

सेल्टाच्या, म्हणजे इंग्रजी कसं शिकवायचं हे शिकवणाऱ्या केंब्रिजच्या अभ्यासक्रमाच्या, वर्गात आम्ही अकरा जण होतो. त्यातल्या आठ जणांची मातृभाषा इंग्रजी, आणि मी मराठी माध्यमातला. पहिला आठवडा मी तोंड मिटूनच काढला. मग सरावाच्या तासाला एका विद्यार्थिनीने माझ्या इंग्लिश सहकाऱ्याला विचारलं, "'बिग रेड बॉल' म्हणायचं, मग 'रेड बिग बॉल' का नाही?" तो फळ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "कानाला बरं वाटत नाही."

इंग्रजीत विशेषणांचा क्रम बराचसा ठरलेला आहे: आधी मत, मग आकार, वय, रंग, त्यानंतर मूळ ठिकाण आणि शेवटी वस्तू कशाची बनली ते. तो हा क्रम जन्मभर बिनचूक वापरत होता, फक्त असं काही आहे याचा त्याला पत्ता नव्हता. त्याला हसण्यात अर्थ नाही. 'मी पोळी खाल्ली' म्हणतो, मग 'मी पाणी प्यायलो' का, असं कुणी आपल्याला विचारलं तर आपणही असेच फळ्याकडे बघू.

हे आठवायचं कारण म्हणजे हल्ली येणारे फोन. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात वाढलेली ओळखीतली मुलं पदवी झाली की म्हणतात, वर्षभर कोरियात नाहीतर जपानमध्ये इंग्रजी शिकवून येतो. काय बघायचं, असं पालक विचारतात.

आधी कागद. कोरियात भाषा शिकवण्यासाठी ई-२ व्हिसा लागतो आणि इंग्रजीसाठी तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. म्हणजे इंग्रजी कशी आहे याच्या आधी पासपोर्ट कुठला आहे ते बघतात. पदवी आणि पोलिसांचा दाखला, दोन्हींवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागतं. सगळ्यात वेळ इथेच जातो, म्हणून नोकरी शोधण्याआधी दाखल्याचा अर्ज टाका. परदेशी तरुणांना शाळांत नेमणारा जपान सरकारचा जेट कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे. त्यात बहुतेक जण सहायक शिक्षक म्हणून जातात, वर्गात जपानी शिक्षक सोबत असतो. करार वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं वाढतो. एकट्याने वर्ग सांभाळायची धास्ती असेल तर हा रस्ता बरा.

करार वाचताना पगाराच्या आकड्यावर थांबू नका. आठवड्याचे तास लिहिलेत ते शिकवण्याचे की हजेरीचे? तयारीचे आणि वह्या तपासायचे पैसे मिळतात का? घर कोण देणार, मध्येच सोडलं तर विमानाचं भाडं परत मागणार का? ई-२ सारखा व्हिसा त्या मालकाशी बांधलेला असतो, नोकरी बदलणं वाटतं तेवढं सोपं नसतं. 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

आणखी एक गोष्ट, जी भरतीवाले बोलत नाहीत. अनेक ठिकाणी अर्जासोबत फोटो मागतात. पासपोर्ट कॅनडाचा आणि चेहरा आपला असेल, तर "पण तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न येणार. त्याची मनाची तयारी घरूनच करून जावी.

आता वर्ग. सेल्टा साधारण १२० तासांचा असतो आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, मागे परीक्षक बसलेला. घरबसल्या मिळणाऱ्या स्वस्त ऑनलाइन सर्टिफिकेटमध्ये नेमकं हेच नसतं. तिथे मला पहिली बोलणी बसली ती "समजलं का?" विचारल्याबद्दल. समजलं का म्हटलं की सगळे माना डोलावतात. त्याऐवजी 'आय हॅव लॉस्ट माय कीज' फळ्यावर लिहून विचारायचं: आत्ता किल्ल्या त्याच्याकडे आहेत? कधी हरवल्या ते सांगितलंय? 'नाही, नाही' अशी दोन उत्तरं आली की प्रेझेंट परफेक्टचं निम्मं काम झालं.

आमच्या इंग्लिश मित्रांना सगळ्यात जड गेलं ते हळू आणि थोडं बोलणं. घरच्या सवयीने शब्द एकमेकांना चिकटवून बोलायचे, आणि पोरं नुसती हसायची. माझा दोष उलटा. नियम पाठ, म्हणून मी वीस मिनिटं नियमच सांगत बसायचो. शिवाय माझ्या तोंडून 'वाइन' (दारू) आणि 'व्हाइन' (वेल) एकच निघायचं. ते त्या बॉलवाल्या मित्राने ओठांचा चंबू करायला लावून सुधारलं.

पुढे हनोईत एकाच केंद्रात आम्ही दोघे लागलो. वर्ग तेच, पुस्तक तेच, पण त्याला तासाला माझ्या दीडपट पैसे. मी विचारायला गेलो तर उत्तर आलं, "पालकांना नेटिव्ह हवा असतो." वर्षभर धुसफुसत राहिलो, मग दुसरीकडे गेलो. त्या मित्रावर मात्र राग धरता आला नाही. परवाच रात्री अकराला त्याचा मेसेज होता: "उद्या थर्ड कंडिशनल घ्यायचंय. जागा आहेस का?"